मिलिंदची थांबायची जागा

माझा मेहुणा मिलिंद वाक्याच्या मध्येच थांबतो. इथं लखनौत, कपूरथला चौकातल्या हलवायाकडं जाऊन म्हणतो, "भैया, दो समोसे, और चटनी..." आणि मान किंचित तिरकी करून गप्प उभा राहतो. हलवाई थांबतो. मागची गर्दी थांबते. मी स्कूटर चालू ठेवून थांबतो. शेवटी हलवाईच हरतो. "चटनी मीठी कि तीखी, भाईसाहब?" मग मिलिंद कुठून तरी परत आल्यासारखा म्हणतो, "मीठी."

"अरे, एका दमात सांगत जा ना!"

"लाईनला श्वास घेऊ द्या, भाऊजी." हे त्याचं ठरलेलं उत्तर. श्वास लाईनला मिळतो, दम मला लागतो.

मिलिंद कवी आहे. कागदावरचा नव्हे, माईकसमोरचा. हिप-हॉपच्या ठेक्यावर गुडघ्यात वाकत, हातवारे करत बोलतो. दिवसा चिनहटच्या एका कारखान्यात सुपरवायझर असतो. चाळिशी उलटली तरी लखनौच्या मे महिन्यात जाडजूड हूडी घालून स्टेजवर चढतो आणि घामाघूम होऊन उतरतो. जुनी शायरीवाली मंडळी त्याला ऐकून विचारतात, "ये कविता है या कसरत?" कॅफेतली पोरं म्हणतात, "अंकल क्यूट हैं यार." या दोघांच्या मधोमध मिलिंदचं करिअर कित्येक वर्षं उभं आहे. मी त्याचा ड्रायव्हर, छायाचित्रकार आणि टाळ्या सुरू करणारा. मी काढलेल्या व्हिडिओंत निम्मी कविता असते, निम्मा माझा अंगठा.

सराव तो आमच्या महानगर मोहल्ल्यातल्या घराच्या गच्चीवर करतो. वाळत घातलेल्या पापडांसमोर. तेही मध्येच थांबून. तो सुरू झाला की खाली त्याची बहीण, म्हणजे माझी बायको निर्मला, स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावून घेते. मी समजायचो, कंटाळली असेल. मीही कंटाळलोच होतो की.

गेल्या महिन्यात एका कॅफेची मालकीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, ये जो बीच में रुक जाते हैं ना, वो हटवा दीजिए. फिर हर शनिवार का स्लॉट इनका." पोरगी आमच्या मुलीच्या वयाची, पण बोलली मात्र हेड ऑफिससारखी. एकदा न थांबता म्हणून दाखवायचं, एवढीच अट.

मिलिंदला सांगितलं. त्याने हूडीची दोरी बराच वेळ बोटाला गुंडाळली. "हा शेवटचा, भाऊजी. नाही जमलं तर बास. शिफ्ट करून परत तिथं उभं राहायचं, थकलो आता."

त्या संध्याकाळी निर्मलाही गाडीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "शेवटचा आहे ना, मग बघते," एवढंच म्हणाली.

वाटेत मी सल्ले देत होतो. गाडीत मी फार चांगला दिग्दर्शक असतो. "थांबूच नकोस. सरळ आरपार जा. काय अवघड आहे त्यात?"

"तिथं झील असते, भाऊजी."

मी नाशिककडचा, हे नागपूरचे. मला कळायला वेळ लागला. त्यांचे वडील, आबा, चारबाग स्टेशनाजवळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. नागपूर-अकोल्याकडच्या साथीदारांना जमवून दर जयंतीला रेल्वे कॉलनीत जलसा करायचे. आबा पुढं उभे राहून ओळ टाकायचे, अर्ध्यात सोडायचे. मागचे झीलकरी ती उचलायचे, "जी जी रं जी" करून परत आबांच्या हातात द्यायचे. साथीदार रिटायर होऊन एकेक करत आपापल्या गावी गेले. मग आबाही गेले.

"मी तसंच शिकलो," मिलिंद म्हणाला. "ओळ टाकायची न् मागच्यांना द्यायची. मागं कोणी नाही, हे माहीत आहे हो मला. पण एकट्यानं पलीकडं जाता येत नाही."

निर्मला खिडकीबाहेर बघत होती. मी पुढं एकही सल्ला दिला नाही, हे माझ्या स्वभावाच्या मानाने पुष्कळ झालं.

कॅफेत मिलिंद सुसाट सुटला. श्वास नाही, जागा नाही; गाडी चुकेल म्हणून धावणाऱ्या माणसासारखा. पोरं फोनमध्ये बघायला लागली. मालकीण मात्र खुशीत मान हलवत होती. आणि मग ती ओळ आली:

"बाप मेरा उतरा चारबाग पे, सामान में बस एक ढोलकी..."

आणि मिलिंद थांबला. मान तिरकी करून.

"अंकल भूल गए," कुणीतरी बोललं. "ताली बजा दो यार."

माझ्या शेजारी पर्सवर थाप पडली. निर्मला बसल्या जागेवरून, डोळे मिटून म्हणत होती, "एक ढोलकी, जी जी रं जी..." लहानपणी आबांच्या मागं बसायची, तसंच असणार. मीही सूर लावला. तो कुठल्या पट्टीत होता, ते मला विचारू नका.

मिलिंदने हूडीची टोपी डोळ्यांवर ओढली. पुढची ओळ त्याने टोपीतूनच म्हटली.

स्लॉट मिळाला नाही. दुसऱ्याच कुणाला गेला. आम्ही निघताना मालकीण म्हणाली, "आंटी बहुत स्वीट हैं, पर टाइम बहुत लग गया." परतताना आम्ही तिघांनी समोसे खाल्ले. "शेवटचा" या विषयावर कोणीच बोललं नाही.

आता गच्चीवर तो सुरू झाला की खालची खिडकी उघडते. कणकेच्या हातानं निर्मला झील धरते. मीही पेपर ठेवून धरतो, पण अजून जागा सापडत नाही; ओळ पार निघून गेल्यावर पोचतो.

मिलिंद माझ्यासाठीही थांबतो.