शेवंती लेट आहे

फुलं उशिरा फुलली म्हणून लाउडस्पीकरवरून लोकांची माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस रेंगाळलेला होता आणि साहेबबागेतल्या शेवंतीला हिरव्या कळ्यांपलीकडे काही आलं नव्हतं. प्रदर्शन बघायला आलेली माणसं कुंड्यांसमोर गोंधळून उभी होती. तेवढ्यात चौथऱ्यावरचा कर्णा खरखरला. "कृपया लक्ष द्या. शेवंती ठरलेल्या वेळेपेक्षा आठवडाभर उशिरानं येत आहे. नागरिकांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल बाग दिलगीर आहे." माणसं हसली आणि निमूट घरी गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली.

हे आमचे काशिनाथ पगारे. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत. इगतपुरीला मालगाडीचे गार्ड म्हणून सारी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर नाशकात इंदिरानगरला दोन खोल्यांचं घर घेतलं, ते नेमकं माझ्या भिंतीला भिंत लावून. मी तेव्हा अंबडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. सकाळी पहिली पाळी गाठायला मी सायकल बाहेर काढली की शेजारच्या ओट्यावरून विचारणा व्हायची, "देवरे, राइट टाइम?" मी दोन मिनिटं उशिरा निघालो असलो तर ते काही बोलत नसत, नुसतं मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

साहेबबागेबद्दल सांगायला हवं. राणीच्या राज्यात कुणा कलेक्टरानं ती बाग करवली. विलायतेहून बोटीनं आलेले लोखंडी खांब उभारून बँडवाल्यांसाठी छत्रीवजा चौथरा केला, मधोमध दगडी कारंजं, एका बाजूला नेचे वाढवायला काचघर आणि सगळीकडून वळणावळणाच्या खडीच्या वाटा. साहेब गेले, माळी गेले आणि बाग म्हशींच्या ताब्यात आली. कारंज्यात म्हशी डुंबायच्या आणि काचघरात कुणीतरी कडबा रचून ठेवला होता. शेवटी आम्ही काही हौशी लोकांनी मंडळ काढलं, दर रविवारी घमेली-फावडी घेऊन जमू लागलो, नगरपालिकेनं खांबांना रंग आणि काचघराला काचा दिल्या आणि बाग पुन्हा बागेसारखी दिसू लागली.

गार्डसाहेब दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी आले. पांढरी पँट, गळ्यात शिट्टी. म्हशी हाकलायचं काम आम्हा सगळ्यांना मिळून जमत नव्हतं. त्यांनी कारंज्याच्या कठड्यावर उभं राहून एक लांब शिट्टी मारली. म्हशींनी एकमेकींकडे पाहिलं आणि ओळीनं बाहेर पडल्या. त्याच दिवशी आम्ही त्यांना मंडळाचे कार्यवाह करून टाकलं.

बाग झाली, पण पुढे तिचं करायचं काय, यावर मंडळात खूप चर्चा झाली. कुणी वाचनालय म्हणालं, कुणी भेळेचा गाडा. गार्डसाहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्टेशन बांधलंत. आता गाड्या सोडा." आणि मग त्यांनीच चार गाड्या ठरवल्या. थंडीत शेवंतीचं प्रदर्शन, संक्रांतीला तिळगूळ, वैशाख पौर्णिमेला सगळ्या गावाला खीर आणि श्रावणात लेकीबाळींसाठी जुन्या वडाला झोके. वर्षाचं टाइमटेबल तयार.

या चारही गाड्या हिरवा झेंडा दाखवूनच सुटत. गार्डसाहेब चौथऱ्याच्या पायरीवर उभे राहत, घड्याळ बघत, शिट्टी देत आणि झेंडा हलवत. "गाडी कुणासाठी थांबत नाही" हे त्यांचं पेटंट वाक्य होतं आणि ते वाक्य नुसतं बोलायचं नव्हतं. एका वर्षी बक्षीस समारंभाला बोलावलेले पुढारी आपल्या रिवाजाप्रमाणे तासाभरानं, मागे चारदोन कार्यकर्ते घेऊन आले, तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि मांडववाला सतरंज्या झटकत होता. आम्ही बाकीचे कुठे लपावं हे शोधत होतो. गार्डसाहेबांनी पुढाऱ्यांना हार घातला, हातात नारळ दिला आणि अत्यंत आदरानं म्हणाले, "पुढची गाडी संक्रांतीला आहे, साहेब."

फुलांचीही त्यांनी आपली वर्गवारी केली होती. लवकर फुलून लवकर सुकणारी शेवंती ती मेल. बारीक बटणांसारखी, झाडभर लागणारी, ती पॅसेंजर. आणि आपल्याच भारानं मान टाकून बसणारी, डोक्याएवढ्या फुलांची ती मालगाडी. परीक्षक म्हणून आलेले कृषी खात्यातले एक गृहस्थ हे ऐकून आधी चिडले. निकाल सांगायची वेळ आली तेव्हा मात्र तेच म्हणाले, "पहिलं बक्षीस त्या कोपऱ्यातल्या मालगाडीला."

कार्यक्रम संपला की सगळ्यात शेवटी गार्डसाहेब साऱ्या बागेतून एक फेरी मारत. कुणाचं पोर, कुणाची चप्पल मागे राहिलेली नाही ना, हे बघितल्याशिवाय फाटक लागत नसे. काचघरामागे एखादं जोडपं बसलेलं असलं तर ते पाठ फिरवून उभे राहत, झाडाशी बोलल्यासारखं म्हणत, "लाइन क्लिअर करा," आणि मोठ्यानं खोकत. जोडपं निघून जाईपर्यंत त्यांचा खोकला थांबत नसे.

एवढं सगळं होतं, पण बागेत एक माणूस कधी आलं नाही. शांताकाकू. त्यांची बायको.

काकू इगतपुरीजवळच्या खेड्यातल्या. सगळा संसार रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढलेला. शेवंतीचा नाद मुळात काकूंचा होता. इगतपुरीच्या पावसात दरवर्षी रोपं कुजायची आणि त्या दरवर्षी पुन्हा लावायच्या. नाशकाला आल्यावर त्यांची गच्ची कुंड्यांनी भरली होती. गार्डसाहेब बागेत जे काही ज्ञान पाजळत ते सगळं गच्चीवरून चोरलेलं असे, हे मला भिंतीपलीकडून ऐकू येत असल्यामुळे माहीत होतं. म्हणजे ज्या बाईमुळे शेवंतीचं प्रदर्शन सुरू झालं, तिनंच ते पाहिलेलं नव्हतं.

माझी बायको सुनंदा दर वेळी त्यांना बोलवायला जायची. काकू हसून चहा करायच्या आणि म्हणायच्या, "नाय गं बाई. यांच्या गाडीची मी लय वाट पाहिली. सणावाराला पाटावर ताट वाढायचं आन् हे कुठं तर भुसावळला. आता रिटायर झाले, तर सण आला की हे बागेत. मी आपली घरीच बरी."

त्यात राग नव्हता, हेच गार्डसाहेबांना बोचत असावं. रागावली असती तर समजूत काढता आली असती. प्रत्येक कार्यक्रमाआधी भिंतीपलीकडून तोच संवाद मला ऐकू यायचा. "येतेस का?" "बघू." आणि सकाळी ओट्यावर मी विचारलं की गार्डसाहेब पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "सिग्नल नाही, देवरे. स्टेशनाबाहेर आउटरलाच उभे आहोत." ते हे हसण्यावारी न्यायचे. पण त्यांना एवढं एकच हवं होतं. वर्षातल्या त्या चार दिवसांची गर्दी, तो कर्णा, तो झेंडा हे सगळं बायकोला एकदा दाखवायचं होतं, आणि एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला ते तिच्यापुढे नीट बोलता येत नव्हतं.

मग एका हिवाळ्यात सिग्नल पडला. काकूंच्या गच्चीवर एक पिवळी शेवंती अशी काही आली होती की ती बघायला गल्लीतल्या बायका जिना चढून जात. सुनंदानं हट्टच धरला, ही प्रदर्शनात न्यायचीच. काकू म्हणाल्या, "बरं. मीच घिऊन येते." आणि नवऱ्याला विचारलं, "किती वाजता?"

"चारला," गार्डसाहेब म्हणाले. भिंतीपलीकडून आवाज नेहमीपेक्षा बारीक आला.

प्रदर्शनाच्या दिवशी ते सकाळपासूनच बागेत होते. कारंजं स्वतः घासलं. काचघराच्या काचा दोनदा पुसायला लावल्या. ऊन कलू लागलं तशी माणसं जमली. आणि त्या दिवशी, मागचा अनुभव लक्षात ठेवून, पुढारी चक्क वेळेआधी येऊन पहिल्या रांगेत बसले होते.

चार वाजले. शिट्टी झाली नाही. लोक घड्याळं बघू लागले. बागेच्या इतिहासात असं कधी घडलेलं नव्हतं, त्यामुळे बऱ्याच जणांना आपलंच घड्याळ पुढे गेलं असं वाटलं. कर्णा खरखरला. "काही तांत्रिक कारणामुळे कार्यक्रम थोड्या विलंबानं सुरू होईल." एवढी घोषणा करून गार्डसाहेब चौथऱ्यावरून उतरले. मी धावत फाटकाशी गेलो. ते तिथे रस्त्याकडे बघत उभे होते, झेंडा गुंडाळून काखेत.

"गार्डसाहेब, लोक खोळंबलेत."

"लाइन क्लिअर नाही," ते म्हणाले.

"काकूंना आणायला कुणाला पाठवू का?"

"नको. यायची तर आपली आपण येईल. आणायला गेलो तर ते येणं नव्हे."

असाच तासभर गेला असेल. पुढाऱ्यांना दुसरीकडे जायचं होतं, उजेड उतरत होता, पोरं कंटाळून कारंज्याशी पाणी उडवत होती. शेवटी गार्डसाहेब चौथऱ्याकडे चालत गेले, शिट्टी वाजवली आणि कुणाकडेही न बघता झेंडा हलवला. शिट्टी फार हळू वाजली. मला त्यांचं वाईट वाटलं. माणसानं आयुष्यात एकदा गाडी थांबवावी आणि तीही रिकामीच सुटावी, हे काही बरं नव्हतं.

परीक्षण उरकलं, बक्षिसं झाली, लोक पांगू लागले, तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. तीतून शांताकाकू उतरल्या. अंगावर इरकल लुगडं, मांडीवर सांभाळून आणलेली पिवळ्या शेवंतीची कुंडी, आणि चेहऱ्यावर वेळेवर पोचल्याचं पूर्ण समाधान.

"अगं, काय हे! चारला म्हणालो होतो ना!" गार्डसाहेबांचा आवाज चढला.

"मंग?" काकू म्हणाल्या. "चार म्हंजी साडेपाच. वेळेवरच आले की."

"चार म्हणजे साडेपाच कसे?"

"आता बघा बाई!" काकूंनी हे माझ्या बायकोकडे बघून सांगितलं. "सारी नोकरी हे चारला येतो म्हणून सांगायचे आन् साडेपाचला यायचे. घाटात गाडी अडायचीच. मी कधी चारला चूल पेटवली नाय. बरोब्बर साडेपाचला भाकरी तव्यावर टाकायची. हे पाय धुऊन ताटावर बसले की गरम भाकरी पडली पायजे."

गार्डसाहेबांनी हातातला झेंडा नीट गुंडाळला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देवरे, भाकरी रोज गरम असायची. मला वाटायचं, आपलं नशीब आहे."

कुंडी स्पर्धेत घेता येणार नव्हती, नियम म्हणजे नियम, आणि तो त्यांनी काकूंनाही समजावून सांगितला. काकूंना बक्षिसाशी काही घेणं नव्हतं. त्यांनी कुंडी चौथऱ्याच्या पायरीवर ठेवली आणि बाग बघायला लागल्या. गार्डसाहेब मागून मेल, पॅसेंजर आणि मालगाडी दाखवत चालले होते. काकू मध्येच थांबून म्हणायच्या, "याला शेण जास्त झालंय," आणि गार्डसाहेब मान डोलवायचे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते मला ओट्यावर गाठून, इकडेतिकडे बघत म्हणाले, "देवरे, तिळगूळ चारला आहे. मी हिला अडीच सांगितलंय. हिच्या हिशेबानं बरोबर चारला येईल." इतकी हुशारीची गोष्ट आपल्याला सुचली याचा त्यांना फार आनंद झाला होता.

त्यांना हे ठाऊक नव्हतं की पलीकडे स्वयंपाकघरात काकू सुनंदाला सांगत होत्या, "त्या दिवशी माझं चुकलंच गं. त्यांची गाडी घाटात अडायची, ते दिवस गेले. आता ते सांगतील ती वेळ धरायची."

दुसऱ्या दिवशी मी तिळगुळाचे डबे घेऊन तीनच्या सुमाराला बागेत पोचलो. मांडववाला यायचा होता. कर्णाही अजून बांधला नव्हता. सगळ्या बागेत दोनच माणसं होती. चौथऱ्याच्या पायरीवर उन्हाला पाठ देऊन गार्डसाहेब आणि काकू बसले होते. मी काचघराच्या कडेला होतो, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"आन् ते पावसात दोन रोज आलाच नाय, तवा कुठं होता?" काकू विचारत होत्या.

"कसाऱ्याच्या वर. दरड पडली होती. पुढे इंजिन, मागे मी, मध्ये सगळे डबे. धुक्यात इंजिनसुद्धा दिसत नव्हतं. बोलायलाही कुणी नाही."

"कधी सांगितलं नाय."

"आल्यावर झोपायचो. उठलो की पुन्हा ड्यूटी."

काकूंनी हातातली गवताची काडी मोडली. मग त्यांनी विचारलं, आणि कालच घडलेल्या गोष्टीबद्दल विचारावं तसंच विचारलं:

"मंग ते दोन रोज जेवलात काय?"