टॉफीच्या कपाटाचं कुलूप

मी आयुष्यभर कुलपं केली. माझं कुलूप किल्लीशिवाय उघडणारा माणूस मला कधी भेटला नाही. (भेटला. ते पुढे येईल.)

स्वयंपाकघरात एक कपाट आहे. बायको होती तेव्हा त्यात धान्याचे डबे असायचे. ती गेल्यावर मी त्यात नातीसाठी खाऊ भरायला लागलो. क्रीमची बिस्किटं, वेफर्स, टॉफ्या, रंगीत सोड्याच्या बाटल्या. नात सुट्टीत येणार म्हणून आणायचं. तिचा क्लास निघायचा, ती यायची नाही. पाकिटावरची तारीख संपत यायची. टाकून देणं माझ्या स्वभावात नाही. मग खाणार कोण? घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ काही खात नाही.

खोटं कशाला बोलू? पाकीट फोडलं की चर्र व्हायचं. बाटली उघडली की ती फुस्स करायची. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणीतरी बोलायचं.

पायांना मुंग्या यायला लागल्या. बोटाला कानस लागली होती, ती जखम भरेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"आजोबा, गोड खाता?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा पितो." (हे खरं होतं.)

"आणि चहाबरोबर?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"साखर काय चमच्यानंच पोटात जाते? पाकिटातून जाते, बाटलीतून जाते. असंच चाललं तर डोळे जातील, पाय जाईल."

डॉक्टरांनी लेकीला फोन लावला. लेक मला म्हणाली, "बाबा, पुढच्या तपासणीत साखर उतरली नाही, तर घर बंद करून तुम्हाला इकडे घेऊन येणार."

इकडे म्हणजे तिचा फ्लॅट. सकाळी सगळे कामाला जाणार आणि मी सोफ्यावर, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा. एकटंच बसायचं तर आपल्या घरात बसावं.

"ते कपाट रिकामं करा," ती म्हणाली. रिकामं? नातीचा खाऊ? मी त्याला कुलूप केलं. दार लोटलं की आपोआप बसणारं. किल्ली एकच, तिच्याशिवाय ते मलाही उघडणार नव्हतं. ती समोरच्या नर्सबाईंना नेऊन दिली. बाई रिटायर झाल्यात, आवाज अजून ड्यूटीवर आहे.

"मी पाया पडलो तरी द्यायची नाही," मी बजावलं.

"पडा तर खरं. फोटो काढीन."

घरी आलो. कपाटाचं दार अजून लोटायचं होतं. म्हटलं, एक टॉफी खावी. निरोपाची. ती अशी चिकटली की वरची-खालची कवळी एकत्रच बाहेर आली. टॉफी पेचकसानं सोडवावी म्हणून कवळी कपाटातल्या फळीवर ठेवली, तेवढ्यात बेल वाजली.

"लावलंत का कुलूप?" नर्सबाई बाहेरून ओरडल्या.

मी दचकून दार लोटलं. खट्.

माझं कुलूप बसल्याचा आवाज मला फार आवडतो. त्या दिवशी नाही आवडला.

तोंडाला टॉवेल लावून बाहेरचं दार उघडलं. "किल्ली," मी टॉवेलाआडून म्हणालो.

"अहो, आत्ता तर दिलीत!"

"काम आहे."

"सगळे पेशंट हेच सांगतात." आणि त्या गेल्या.

सांगता आलं असतं. पण बिनदातांचं माझं तोंड फक्त बायकोनं बघितलं होतं. ते मला तसंच ठेवायचं होतं.

मग लेकीचा फोन.

"बाबा, सगळं ठीक?"

"शगळं थीक आहे."

"काय? असं काय बोलताय?"

"थीक आहे म्हतलं ना!"

"बाबा, तोंड वाकडं झालंय का? दोन्ही हात वर करा बघू!"

दोन्ही हात वर करायचे म्हणून मी फोन खाली ठेवला. तिला वाटलं, मी पडलो.

दुपारी लेक आणि नात धापा टाकत दारात. किती महिन्यांनी, ते मी मोजलेलं नाही. नर्सबाई बीपीचं मशीन घेऊन आल्या. तिघींनी मला खुर्चीत दाबून बसवलं. एक म्हणते हसून दाखवा, एक म्हणते जीभ काढा. मी तोंड घट्ट मिटून. पण घरात एवढे आवाज! कोणी दंड आवळतंय, कोणी पाणी आणतंय. मला खरं तर फार बरं वाटत होतं. तेच सांगायची सोय नव्हती.

लेक रडायला लागली. तेव्हा मात्र मी कपाटाकडे बोट केलं.

नर्सबाई किल्ली आणायला वळल्या. त्या परत येईपर्यंत नातीनं केसातली पिन काढली, कुलपात फिरवली आणि कपाट उघडलं. आयुष्यभराची अब्रू गेली, तीही केसांच्या पिनेनं.

फळीवर माझे दात. दातांत टॉफी.

आधी नर्सबाई हसल्या. मग सगळ्याच. मीही हसलो. (कवळी धुऊन लावल्यावर.)

नात पाकिटं पिशवीत भरायला लागली. "आजोबा, मी हे असलं केव्हाच सोडलं."

"मग मी आणत कुणासाठी होतो?"

ती जवळ बसली आणि माझ्या फोनमध्ये काहीतरी करून दिलं. "आता फोन केला की चेहरा दिसेल."

संध्याकाळी त्या गेल्या. कपाट रिकामं. चर्र नाही, फुस्स नाही.

पुढच्या तपासणीत साखर उतरली. डॉक्टर खूश, लेक खूश. घर राहिलं. आणि तिला यायचं कारण राहिलं नाही.

परवा फोन वाजला. मी क्षणभर विचार केला. कवळी काढून हातात धरली आणि फोन घेतला.

"बाबा, कसे आहात?"

"थीक नाही."

पडद्यावर तिचा चेहरा जवळ आला.

"बाबा, दात लावा. हातात दिसतायत."

मी लावले.

"रविवारी येतोय आम्ही," ती म्हणाली. मागून नातीचा आवाज आला, "आणि आजोबा, नवीन कुलूप केलं असेल तर आधीच सांगा. पिन आणते."