धोंडिबांच्या पुतळ्याच्या आवरणाबाबत

शिरगावच्या चौकात धोंडिबांच्या पूर्णाकृती पुतळ्याचं अनावरण मोठ्या थाटात पार पडलं. बँजो होता, फटाके होते, पाहुण्यांना शाल-नारळ होता.

वरील मजकूर आपण वाचलेला नाही असं समजून पुढे यावं, कारण असं काही घडलेलं नाही. तसं आम्हाला लेखी कळवण्यात आलं आहे. जे घडलं नाही त्याचे फोटो आमच्याकडे भरपूर आहेत, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. प्रत्येक फोटोत पुतळ्यापुढे पाहुणे आहेत, पाहुण्यांपुढे कैलासशेठ आहेत आणि कैलासशेठांपुढे हार आहे. पुतळा कुठेच नाही.

कोणत्याही प्रगत समाजात चेहरा ही जोखमीची वस्तू मानली जाते. चेहरा असला की तो कुणासारखा तरी दिसतो, आणि कुणासारखा तरी दिसला की कुणाच्या तरी भावना दुखावतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांना हे फार लवकर कळलं. म्हणूनच आमच्याकडे कलेला भरपूर वाव आहे, फक्त चेहऱ्याला नाही. या धोरणाचा सर्वाधिक लाभ घेतलेले कलावंत म्हणजे शिल्पकार व चित्रकार मिलिंद.

मिलिंदने कला महाविद्यालयात अनेक वर्षं घालवून एकच गोष्ट शिकून घेतली, ती म्हणजे चेहरा. हसू ओठांत नसतं, गालाच्या हाडाखाली असतं, वगैरे. (ही माहिती आमच्या भागात इतर कुणालाही नाही आणि तिच्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही.) पदवी घेऊन तो उल्हासनगरला धर्मेशच्या जीन्सच्या दुकानात गेला. दुकानातल्या फायबरच्या पुतळ्यांची नाकं उडाली होती, ती नीट करायची होती. मिलिंदने पहिल्याच पुतळ्याला असं काही नाक दिलं की धर्मेश काउंटर सोडून बाहेर आला.

"साईं, ये क्या किया?"

"नाक, शेठ."

"वो तो दिख रहा है. गिऱ्हाईक नाक देखेगा तो पॅन्ट कौन देखेगा? मुंडी ही काट दे सब की. झंझट खतम."

मिलिंदने दुपारभर माना कापल्या. संध्याकाळी धर्मेशने त्याला लस्सी पाजली आणि आजूबाजूच्या दुकानदारांना बोलावून दाखवलं, "फिनिशिंग देखो, मख्खन! लडका आर्टिस्ट है." पुढे कितीतरी दिवस मिलिंदला मानेखालचीच कामं मिळत राहिली.

अंबरनाथला त्याने भिंत रंगवली. विषय होता ओला कचरा, सुका कचरा आणि सुखी कुटुंब. त्यातल्या बापाला मिशी होती, तर तो माजी नगरसेवकांसारखा दिसतो अशी तक्रार आली. मिशी पुसली, तर तो आजी नगरसेवकांसारखा दिसू लागला. आईबद्दल काय तक्रार होती ते सांगण्यासारखं नाही. अखेर नगरपालिकेच्या साहेबांनी तोडगा काढला: चेहरे कोरे ठेवावेत, नागरिक आपापल्या मनाने भरतील. नागरिकांनी ते पान खाऊन भरले.

बदलापुरातल्या आमच्या शिरगावात त्याने 'आय लव्ह शिरगाव' हा सेल्फी पॉइंट केला. त्यातलं लाल हृदय पूर्णपणे त्याच्या हातचं आहे. ते जरा बारीक करावं लागलं, कारण बाजूला कैलासशेठांचं नाव बसत नव्हतं.

अशा भरभराटीच्या काळात धोंडिबांच्या पुतळ्याचं काम आलं.

धोंडिबा कोण, असा प्रश्न नव्या इमारतींत राहणाऱ्यांना पडू शकतो. लग्नाच्या पंगतींना भांडी पुरवणाऱ्या एका मंडपवाल्याकडे ते कामाला होते. नदीच्या त्या मोठ्या पुरात चाळी बुडाल्या आणि होड्या यायला उशीर झाला. (होड्या निघाल्या होत्या, त्यांना पूर आडवा आला.) तेव्हा धोंडिबांनी पाचशे पानांची डाळ शिजते तो टोप पाण्यात लोटला, त्यात माणसं बसवली आणि गळ्याइतक्या पाण्यातून टोप ढकलत पलीकडे नेला. अशा ते दिवसभर खेपा करत राहिले. शेवटच्या खेपेला टोप तेवढा परत आला.

त्यानंतर धोंडिबांचं स्मारक व्हावं असं सगळ्यांनाच वाटलं आणि वाटतच राहिलं. वाटून पुरेशी वर्षं झाल्यावर समिती स्थापन झाली. अध्यक्ष कैलासशेठ.

मातीचा पुतळा बघायला समिती मिलिंदच्या शेडमध्ये आली. मातीकामाचा नियम असा की समिती मंजुरी देईपर्यंत पुतळा माती म्हणूनच राहतो आणि तोवर त्याच्यावर ओली गोणपाटं टाकावी लागतात. वाळला तर तडे जातात. मिलिंदने गोणपाटं काढली. धोंडिबा टोपाच्या काठाला दोन्ही हात लावून उभे होते. मान किंचित वर, नाकात पाणी जाऊ नये म्हणून.

समितीने पुतळ्याभोवती एक फेरी मारली. मग कैलासशेठ म्हणाले, "सगळं बेस आहे रे. फक्त टोप काढ."

"शेठ, टोप काढला तर ते काय करतायत?"

"उभे आहेत ना? पुतळ्याने उभं राहायचं असतं. हात असा वर कर. बोट दाखवतायत."

"कुठे?"

"भविष्याकडे."

एका सदस्याने भविष्य नेमकं कुठल्या वॉर्डात येतं असं विचारलं, तेव्हा बोट मागे घेण्यात आलं. दुसऱ्याने तलवार सुचवली. तिसरा म्हणाला, टोप राहू दे, पण त्याचा आकार नगाऱ्यासारखा करा. मिलिंदने सगळ्यांना होकार दिला आणि काहीही केलं नाही. (समितीसोबत काम करण्याची हीच शास्त्रशुद्ध पद्धत होय.) कैलासशेठ मात्र दर खेपेला टोपाशीच अडायचे. शेवटी चहा पिताना म्हणाले, "टोप दिसला की लोक विचारणार, आत कोण कोण बसलं होतं. मग काय सांगायचं?" मिलिंदने त्यांच्याकडे पाहिलं. कैलासशेठ टोपातून आले होते, पहिल्याच खेपेला, बायका-पोरांच्या आधी. हे गावाला ठाऊक होतं आणि गाव ते विसरलेलंही होतं.

खरी अडचण वेगळीच होती. धोंडिबांचा फोटो नव्हता. जे दोन होते ते पुरात गेले. चेहरा फक्त त्यांच्या बायकोला, गयाबाईंना माहीत होता आणि गयाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या शेडमध्ये यायच्या, स्टुलावर चढायच्या आणि बोटांनी माती चाचपायच्या.

"नाक सरळ केलंस, मिलिंदा."

"नाक सरळच असतं आजी."

"त्याचं नव्हतं. डावीकडं कलतं घे. लाटणं लागलं होतं."

"कुणाचं?"

"तुला पुतळा करायचाय का चौकशी?"

असं त्यांचं पुष्कळ दिवस चाललं. हनुवटी, कानाची पाळी, कपाळावरची आठी. एकदा मात्र त्यांचा हात गालावर जाऊन थांबला तो निघेचना. मिलिंद गोणपाट हातात घेऊन उभा. मग त्या म्हणाल्या, "दाढी कर म्हणावं. टोचतंय." आणि खाली उतरल्या. त्या दिवशी मिलिंदने मातीला शेवटचा हात लावला. तो आम्हाला म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा पुरता चेहरा झाला. अनावरणाची तारीख जवळ आली तेव्हा पुतळा टोपासकटच धातूत ओतला गेला.

गयाबाईंनी मग डोळ्यांच्या मोफत शिबिरात नाव घातलं. "बोटांनी बघितलं, आता डोळ्यांनी बघते." शस्त्रक्रियेची तारीख अनावरणाच्या (जे झालं नाही त्या) आदल्या दिवशीची मिळाली. डॉक्टरांनी काळा चष्मा देऊन धुळीत जायला मनाई केली. अनावरणाला गयाबाई नव्हत्या. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पुतळा कुठं पळतोय?"

पुतळा पळाला नाही. त्याच दुपारी निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली.

चौथऱ्याच्या पाटीवर धोंडिबांच्या नावाखाली कैलासशेठांचं नाव होतं, थोड्या मोठ्या अक्षरांत. कैलासशेठ उभे राहणार होते, त्यामुळे ती पाटी झाकणं भाग होतं. कर्मचारी कापड घेऊन आले. कापड मोठं निघालं. कापून बारीक करायचं तर शासकीय मालमत्तेचं नुकसान, म्हणून उरलेलं कापड वर घेतलं आणि पुतळाही त्यात आला. कमरेशी दोरीने बांधला. मिलिंद मध्ये पडला, तर आवरणास हात लावणार नाही असं हमीपत्र त्याच्याकडून लिहून घेण्यात आलं.

निवडणूक संपली. (कैलासशेठ पडले. त्याचा दोष टोपाला देण्यात आला.) आता कापड काढायचं. ज्या कार्यालयाने झाकलं त्याने कळवलं की आमचे अधिकार निवडणुकीबरोबर संपले, संपलेल्या अधिकाराने आम्ही कापड काढू शकत नाही. दुसऱ्या कार्यालयाने कळवलं की सदर पुतळ्यास परवानगीच नाही, त्यामुळे सदर पुतळा नाही, त्यामुळे त्याचं अनावरण झालेलं नाही आणि नसलेल्या पुतळ्यावरून काही काढता येत नाही. कापड मात्र आहे. ते दप्तरी नोंदलेलं असून त्याची निगा राखणं बंधनकारक आहे.

निगा उत्तम राखली जाते. कापड वेळोवेळी धुतात. रंगावरून वाद झाले, प्रत्येक रंगाला कुणीतरी मालक निघाला, तेव्हा राखाडी ठरलं. जयंतीला त्यावर हार चढतो. नवीन रहिवाशांना पुतळा असाच असतो असं वाटतं. रिक्षावाले त्या चौकाला 'झाकण' म्हणतात आणि शेअर सीटला हाक मारतात, "एक झाकण, एक झाकण!" आम्ही रिक्षाच्या रांगेत उभं राहून एक पाहणी केली. दहापैकी नऊ जणांना पुतळा आवडतो. दहाव्याची रिक्षा आली.

मग शेजारच्या सोनिवलीहून अभिजीत नावाचा, एका मंडळाचा तरुण अध्यक्ष मिलिंदकडे आला. "दादा, आम्हाला पण तुमच्यासारखाच बसवायचाय."

"कुणाचा?"

"ते नंतर ठरवू. झाकलेलाच करा ना डायरेक्ट. फायबरमध्ये. घड्याबिड्या एकदम भारी."

"आणि कापडाच्या आत?"

"आत काय कशाला? पोकळच ठेवा."

मिलिंदने तो पुतळा केला. राखाडी कापड, कमरेला दोरी, वाऱ्याने जराशी उडालेली एक कड. लोक लांबून बघायला येतात. त्या पुतळ्याबद्दल त्याला पुरस्कार मिळाला, मानपत्रात 'निर्विवाद कलाकृती' असा उल्लेख आहे. त्याच्याकडे आता झाकलेल्या पुतळ्यांची रांग लागली आहे. चेहरा त्याने पुन्हा केलेला नाही.

राहता राहिल्या गयाबाई. त्यांची नजर आता स्वच्छ आहे. इतकी, की चौकातल्या बाकड्यावरून त्या येणाऱ्या रिक्षातली माणसं ओळखतात. त्या रोज सकाळी येऊन बसतात. चौथरा उंच आहे, दोरी त्यांच्या हाताच्या वर राहते. मिलिंदने एकदा मोबाईलवर मातीच्या पुतळ्याचा फोटो काढून दाखवायला घेतला, तर त्यांनी पडदा तळहाताने झाकला. "मोबाईलात नको. तिथं रोज सकाळी मेलेलेच येतात, हार घालून." दुसरा करून देतो म्हणाला, तर म्हणाल्या, "पहिल्याला अजून बघितलं नाही, नि दुसरा करू व्हय?"

तेव्हा त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. "बाळा, तेवढं कापड वर कर की जरा."

इथे एक तांत्रिक बाब नोंदवणं आवश्यक आहे. दोरीची गाठ सरकगाठ आहे. एक टोक ओढलं की सुटते. पहारा नाही, कॅमेरा आहे पण तो सेल्फी पॉइंटकडे बघतो. हमीपत्र फक्त मिलिंदने दिलेलं आहे, इतर कुणाकडूनही ते घेतलेलं नाही. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण परवा बुटाची लेस बांधताना आपण चौथऱ्यावर पाय टेकला होतात आणि तोल जाऊ नये म्हणून हात उंचावून तीच दोरी धरली होतीत. गयाबाईंनी हाक मारली ती आपल्यालाच. आपण म्हणालात, "आजी, त्याला परवानगी लागते." फार अदबीने म्हणालात. टोपात बसताना आपल्या घरच्यांपैकी कुणी परवानगी मागितल्याची नोंद मात्र सापडत नाही.

सबब, सक्षम प्राधिकाऱ्यांना (ते जे कोणी असतील आणि जिथे कुठे बसत असतील) नम्र विनंती की, हे काम माणसांच्या हातून होणार नसल्याची खातरजमा झालेली असल्याने, शिरगाव चौकात नदीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्यास, गयाबाई बाकड्यावर बसलेल्या असताना, सदर आवरण हनुवटीपासून कपाळापर्यंत एकवार वर करण्याची परवानगी देण्यात यावी. वाऱ्याचं हमीपत्र सोबत जोडता आलेलं नाही.