एक धागा जादा

"डोंगर दिसतो का?"

यासीनमास्टरांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं. त्यांच्या पाठीमागे नवा बुरखा घालून उभी असलेली बाई दुकानाच्या दारापर्यंत गेली, जरा वळली, आणि बुरख्याआतून आवाज आला, "दिसतो, चाचा. देऊळ बी दिसतं."

"जावा मग," मास्टर भिंतीला म्हणाले. खूश दिसले. म्हणजे त्यांची पाठ खूश दिसली.

मी आईबरोबर पोलकी शिवायला टाकायला आले होते. उस्मानाबादेत तेव्हा शिंपी पुष्कळ होते, पण गिऱ्हाईक बाई असली की तिच्याकडे पाठ करून बसणारे शिंपी हे एकच. माप जुन्या कपड्यावरून घ्यायचे, आणि पोलकं असं बसायचं की आईची त्या पाठीबद्दल काही तक्रार नव्हती. डोंगराचं कोडं मात्र तिला सुटत नव्हतं. हातलाईचा डोंगर गावाला लागूनच उभा आहे. तो कुणाला दिसणार नाही? शिवाय हा प्रश्न फक्त बुरखेवालीला. आम्हांला कधीच नाही.

मास्टर तरुणपणी एका ठेकेदाराबरोबर काबूलला गेले होते, दरबारचे कोट शिवायला. तिथे बरीच वर्षं राहून एकटेच परत आले. तेव्हापासून ज्याला वेळ जात नसेल तो त्यांच्या बाकावर बसून काबूलची चौकशी करी. माझे वडील वकील. साक्षीदार उलटसुलट तपासायची सवय त्यांना दुकानातही सुटत नसे.

"मास्टर, तिकडं म्हणे माणसं नुसत्या बंदुका घेऊन फिरतात?"

"फिरतात की वकीलसाहेब. खरबुजं घेऊन बी फिरतात."

"आणि बायकांना कोंडून ठेवतात?"

"तुम्ही गेला व्हता का तितं?"

"नाही बुवा."

"मंग मला तरी सांगू द्या," असं म्हणून मास्टर सुईत दोरा ओवायला घेत आणि पुढे काहीच सांगत नसत. एकदाच म्हणाले, "तितले लोक मला विचारायचे, तुमच्या हिंदुस्थानात माणसं नागासंगं निजतात व्हय?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हनलं, फकस्त उन्हाळ्यात."

मी सोलापूरला मिशनच्या इंग्रजी शाळेत होते, सुट्टीत तेवढी घरी येई. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात काबूलबद्दल एक लहानसा परिच्छेद होता. लोक क्रूर, बायका कैदेत, फळं उत्तम. तो मी पाठ केला होता आणि पेपरात उतरवून मार्कही मिळवले होते. गंमत अशी की वर्गातल्या मुली मलाच विचारत, "तू निजामाच्या मुलखातली ना? तुमच्याकडं बायका दिवसा बाहेर पडतात?" मी गप्प बसे. गप्प बसणं मला इंग्रजीत आणि मराठीत सारखंच चांगलं जमायचं.

पण न बोलणाऱ्या माणसाला लोक फार सांगतात. एका दुपारी आई शेजारी बांगड्या भरायला गेली आणि मी बाकावर एकटी उरले. मास्टर बुरख्याची जाळी करत होते. डोळ्यांपुढच्या कापडातले धागे सुईनं एकेक ओढून काढायचे आणि उरलेले गुंफून घ्यायचे. बोलू लागले ते भिंतीशीच.

"बादशहा विलायतेहून आला अन् हुकूम काढला. टोपी, कोट, पतलून. बायकांनी पडदा काढायचा. खेड्यातली माणसं वेशीवर पतलून किरायानं घ्यायची, बाजार करायची अन् जाताना काढून द्यायची. माझी तर चांदी झाली. मग एक दिवस बादशहालाच जावं लागलं. भला माणूस, पण अख्खं ठाण एका झटक्यात फाडाय गेला. कापड असं फाडतात व्हय, बेटी?"

सुई थांबली.

"तो गेला, मग लोक म्हनले, जाळी पैल्यापेक्षा बारीक करा. माझ्या बीबीचा बुरखा बी मीच शिवला. तिला लई बोलायची सवय न्हवती, तुझ्यावानीच. मी गुपचूप एक धागा जादा काढला. बाजारातून आली अन् म्हणते, आज डोंगर दिसला. बर्फासकट."

त्यांनी दातानं दोरा तोडला. "त्याच हिवाळ्यात गेली. तवापास्नं दरसाल एक धागा जादा काढतो. नवऱ्यांना कळत न्हाय."

दिवाळीच्या सुट्टीत एका नवऱ्याला कळलं, आणि नेमके ते पोलिसांचे अमीनसाहेब निघाले. बेगमेचा बुरखा काखेत मारूनच ते दुकानात आले. मी आणि आई बाकाच्या टोकाला सरकलो.

"मास्टर, जाळी मोठी झालीय!"

"न्हाय, साहेब."

"झालीय! काल आमच्या बेगम टांग्यातून गेल्या आणि घरी आल्यावर मला विचारतात, कचेरीच्या वेळेला हाटेलात भजी कशी खात होता? भजी! भजी आहेत हेसुद्धा दिसलं!" आईनं तोंडाला पदर लावला. "माझी खात्री पटली ना, तर शहरातला तुमचा एकेक बुरखा परत मागवीन. जाळ्या शिवून घेईन आणि या दुकानाला कुलूप ठोकीन."

मास्टरांचे हात मांडीवर पडून राहिले. "घालून बघा साहेब," ते हळूच म्हणाले.

"कोण, मी?" अमीनसाहेबांचा हात मिशीकडे गेला. बाहेर सायकल धरून उभा असलेला शिपाई आशेनं पुढे झाला. साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, आणि मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही वकीलसाहेबांची मुलगी ना? मिशनच्या शाळेतली? ही खोटं बोलणार नाही. घाल बेटी."

"अहो, पण…" आई म्हणाली. पण अमीनसाहेबांना त्या काळी पुरतं वाक्य कोण ऐकवणार?

मी बुरखा घातला. आत उकडत होतं. अत्तराचा वास होता.

साहेब वाकून बघू लागले. "चेहरा तर दिसत नाही," ते जरा नाराजीनंच म्हणाले. "आतून काय दिसतं ते सांग."

मला त्यांच्या मिशीतले पिकलेले केस दिसत होते. आईचे घाबरलेले डोळे दिसत होते. मास्टरांची पाठ दिसत होती. दारातून, पत्र्यांच्या वर, अख्खा डोंगर दिसत होता.

"सांग ना."

"काहीच दिसत नाही," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की आई दचकली. "नुसता अंधार आहे. चालले तर पडेन मी."

अमीनसाहेब विचारात पडले. "मग भजी?"

"वास, साहेब," मास्टर भिंतीला म्हणाले. "भजीचा वास लई लांब जातो."

साहेबांना ते पटलं. मी उतरवलेला बुरखा काखेत मारून ते निघून गेले.

मास्टर वळले नाहीत. सुई हातात घेतली, पण दोरा ओवला जाईना. डोंगराचं त्यांनी मला विचारलं नाही. कसं विचारणार, मी तर आत्ताच सगळ्यांदेखत सांगितलं होतं. आई हात धरून मला ओढत होती. पायरीवर मी हात सोडवून घेतला आणि त्या पाठीला म्हणाले,

"चाचा, डोंगर दिसला. देवळासकट."