शेळवणचे नारळ विमानात बसले

ते साल दोन हजार चोवीस, आणि मे महिना. सुप्याच्या धरणाचं पाणी त्या वर्षी इतकं खाली गेलं की बुडालेल्या शेळवण गावातलं सातेरी देवीच्या देवळाचं जोतं आणि शकुंतलाबाईंच्या माहेरचं खळं उघडं पडलं. मासे धरणाऱ्यांनी ही बातमी धरणामुळे उठलेल्या लोकांच्या वस्तीत, रामनगरात आणली. पण तिथवर जायची सोय नव्हती, भोवती कमरेएवढा चिखल होता.

शकुंतलाबाईंच्या जिवाला ते लागून राहिलं. गाव उठलं तेव्हा त्या धाकट्याच्या बाळंतपणात सासरी अडकल्या होत्या. बाकीच्यांनी देवीला शेवटचा नमस्कार केला, खळ्यातली माती पुडीत बांधून घेतली, मग गाव सोडलं. यांचा नमस्कार राहिला तो राहिलाच. आता वय बहात्तर. एवढं एकदा बघायचं होतं.

आणि बघायची सोय घरातच होती. त्यांचा भाचा योगेश विमान चालवायचा. विमान म्हणजे तीन चाकांवर एकामागे एक दोन खुर्च्या, वर ताडपत्रीसारखे ताणलेले पंख आणि पाठीमागे गुरगुरणारं इंजिन. जोयड्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना तो त्यात बसवून दहा-दहा मिनिटं फिरवायचा. दोन वर्षं तो म्हणत होता, "आत्ती, बस की. शेळवणच्या पाण्यावरनं एक फेरी मारून आणतो." आणि दोन वर्षं आत्ती म्हणत होती, "मळणी होऊ दे," "पापड होऊ देत," "गुडघा जरा बरा होऊ दे." त्या काळात कुणी काही विचारत नव्हतं. खुर्चीत बसायचं आणि उडायचं, एवढंच होतं.

गुडघा बरा झाला आणि दिल्लीहून हलक्या हौशी विमानांचे नवे नियम आले.

"आता तसं उठून उडायचं न्हाई, आत्ती," योगेश कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन म्हणाला. "माझा परवाना, माझ्या तब्येतीचा दाखला, इमानाचं वजन, शेतमालकाची सही, सगळं लागतंय. कुळगीकडच्या जंगलावर फिरकायचं न्हाई. आणि वरनं कायबी खाली टाकायचं न्हाई."

"मी काय टाकणार रे? मला तर तंबाखूबी लागत न्हाई."

"बुधवारी इमान खात्याचे साहेब तपासायला येणार हाईत. त्यांच्यापुढं एक फेरी मारून दावायची, मागच्या शिटावर माणसाएवढं वजन घेऊन. तूच बस. तुझंबी काम हुतंय, माझंबी. फकस्त कुणाला सांगू नकोस."

शकुंतलाबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. शेजारच्या तुळजाला तेवढं सांगितलं, कारण तुळजाही शेळवणची, आणि तिच्यापासून लपवायचं म्हणजे पोटात दुखायचं.

संध्याकाळी तुळजा ओटी घेऊन हजर. खण, मूठभर तांदूळ, नारळ.

"गे बाये, हे कशाला?"

"देवीकडं जाणारं माणूस एकट्याचं जातंय व्हय? शेजाऱ्यांची ओटी घेऊन जायाची रीत हाय न्हवं. खाली टाकू नको. वरनं दाव आणि परत आण."

रीत तीच होती, नाही म्हणता येईना. मंगळवारपर्यंत रामनगरात राहणाऱ्या शेळवणच्या सगळ्या घरांतून ओट्या आल्या. नारळांची अदलाबदल नको म्हणून लोकांनी शेंडीखाली शाईनं नावं घातली होती. कुणी पायलीभर तांदूळ दिले, कुणी गुळाची ढेप. गावच्या राखणदार देवाचा मान म्हणून एकानं कोंबडाही आणला. "त्याला तब्येतीचा दाखला लागतोय," असं सांगून शकुंतलाबाईंनी तो परत पाठवला. आयुष्यात त्यांनी कुणाला दिलेला पहिला नकार तो असावा.

शेवटी म्हातारे महाबळेश्वर काठी टेकत आले. ते शेळवणचे गावकर, देवळातल्या पहिल्या मानाचे. गाव पाण्याखाली जाऊन चाळीस वर्षं झाली तरी त्यांचं गावकरपण कोरडंच होतं. "शकुंतला, पयला मान माझ्या नारळाचा. तो मांडीवर घे. बाकीचे पोत्यात."

बुधवारी सकाळी सात वाजता कापणी झालेल्या भाताच्या शेतात पन्नास-साठ माणसं गोळा झाली. साहेब हुबळीकडचे, सज्जन, मराठी थोडी अडखळत बोलणारे. गर्दी बघून त्यांनी योगेशला विचारलं, "इथे जत्रा आहे का?"

"न्हाई सर. ही आमची आत्ती. आणि हे... तिचं सामान."

भाताच्या गिरणीतून आणलेल्या काट्यावर शकुंतलाबाई चढल्या. चोपन्न किलो. त्या उतरल्या, मग दोन पोती चढली. पंचावन्न.

"दोन्ही जमणार नाही," साहेब म्हणाले. "सगळं धरून वजनाची हद्द आहे."

"मग थोडे नारळ उतरू की," तुळजा म्हणाली.

"कुणाचे?" महाबळेश्वरांनी काठी आपटली. "नाव वाचून सांग, कुणाचा उतरायचा?"

"तुमचाच उतरा. तुमचा लई मोठा हाय."

"माझा? गावकराचा?"

झालं. कुणाच्या आज्याने देवळाला खांब दिला, कुणाच्या आजीने पालखीपुढे पाणी ओतलं, सगळं त्या शेतात निघालं. शकुंतलाबाई विमानाचा दांडा धरून उभ्या होत्या. 'सगळेच राहू देत, मी एकटी जाते,' हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत चारदा आले. चारही वेळा समोर कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी सून दिसली, आणि शब्द गिळले गेले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वारा सुटला की फेरी बंद. आणि तुम्ही भांडता कशाला? तपासणीच्या फेरीत अज्जींना बसता येणारच नाही. माणूस घ्यायचा नाही, वाळूची पोती बांधायची. नवव्या पानावर आहे."

सगळे योगेशकडे बघू लागले.

"मी आठ पानं वाचलो हुतो, सर," योगेश म्हणाला.

"वाळू आणली?"

वाळू नव्हती. नदी लांब होती. वारा सुटायला अर्धा तास होता. साहेबांनी शेताकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर काट्याशेजारच्या दोन पोत्यांवर थांबली.

"पंचावन्न ना? चालेल. घट्ट बांधा."

दोन्ही पोती मागच्या खुर्चीत बसली. त्यांना पट्टा बांधला. महाबळेश्वरांनी आपला नारळ सगळ्यांत वर, तोंड पुढे करून खोचला आणि दोरीने आवळला. शकुंतलाबाईंनी धुऊन ठेवलेलं नऊवारी नेसलं होतं, वाऱ्यानं उडू नये म्हणून पदर कमरेला खोचला होता. तशाच त्या बांधावर उभ्या राहिल्या. विमान गुरगुरलं, धावलं, उठलं आणि झाडांवरून धरणाकडे गेलं. बायकांनी हात जोडले.

वीस मिनिटांनी ते परत आलं. साहेबांनी कागदांवर सह्या केल्या, योगेशचा हात हातात घेतला आणि सांगितलं, "परवाना पोस्टाने येईल. तोवर माणूस बसवायचा नाही." मग ते गाडीत बसून गेले.

शकुंतलाबाई भाच्याजवळ गेल्या. "काय दिसलं रे? खळं हाय? देवळाचं जोतं?"

योगेशनं मान खाली घातली. "खरं सांगू आत्ती? सायब खालनं दुर्बिणीनं बघालते. मी सगळा वेळ काट्यांकडंच बघालतो. उंची, इंजिन, वारा. खाली बघायचं ऱ्हायलंच."

मग तो हळूच म्हणाला, "सायब गेलेत. वारा अजून न्हाई. बस, मारू एक फेरी. कोण सांगणार हाय?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. पट्टा अजून उघडाच होता. मग योगेशच्या हातातल्या ताज्या सह्यांकडे पाहिलं.

"नको रे बाबा. तुझी चूल त्या कागदावर हाय. येऊ दे परवाना, मग जाऊ."

तिकडे महाबळेश्वर पोतं सोडून एकेक नाव वाचत होते आणि ज्याचा त्याला नारळ देत होते. देवीवरून फिरून आलेला नारळ; लोक डोळ्यांना लावून घेत होते. पोतं रिकामं झालं तेव्हा त्यांनी मान वर केली. "शकुंतला, तुझा कुठला गे?"

"मी ठेवला न्हाई," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी स्वताच जाणार हुते न्हवं."

परवाना जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. तोवर खळ्यावर दोन पुरुष पाणी चढलं होतं. त्यानंतर आजतागायत ते तेवढं उतरलं नाही. योगेशला पुढच्या हंगामात गोव्याच्या किनाऱ्यावर चांगली नोकरी लागली. तिथं तो नियमांची सगळी पानं वाचतो, असं त्याची बायको सांगते. महाबळेश्वर त्याच दिवाळीत वारले. आपला नारळ मांडीवर नाही, पण सगळ्यांत वर बसून गेला, या समाधानात. साहेबांची बदली झाली. तुळजानं आपला नारळ फोडलाच नाही. परसात पुरला, आणि त्याला आता दोन हात उंच रोप आलंय.

शकुंतलाबाई रामनगरातच आहेत. गुडघा ठणठणीत आहे, पापड वेळेवर होतात. शेळवणची माणसं भेटली की हमखास विषय निघतो. जो तो सांगतो, आमचा नारळ वरून गाव बघून आला. बाई ऐकून घेतात, आणि मग विचारतात, "खळं दिसलं असंल न्हाई त्याला?"