एक नंबरचं ठिकाण

"त्यात काय एवढं! डोळे मिटून करतो!" चष्मेवाला म्हणाला. दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासणारा हा गृहस्थ स्वतःचं प्रत्येक काम खरोखरच डोळे मिटून करतो, हे मॅडमना ठाऊक असायला हवं होतं!

मॅडम म्हणजे हौशी वैमानिकांच्या क्लबच्या मुख्य प्रशिक्षक. क्लबकडे दोन-दोन सीटांची पाच विमानं आणि प्रत्येकात एक जीपीएस. त्या यंत्राला जगातले मोठमोठे विमानतळ तोंडपाठ, पण आपला तलाव, आपली वीटभट्टीची चिमणी कुठे आहे, याचा पत्ता नाही! क्लबची गवताळ धावपट्टी तेवढी मॅडमनी एक नंबरवर भरून ठेवली होती. परतताना सगळे एक नंबर दाबत आणि पडद्यावरची रेघ धरून घरी येत. बाकीची ठिकाणं कॉम्प्युटरवर भरायची आणि मेमरी कार्डावरून पाचही विमानांत चढवायची, एवढंच काम मॅडमनी क्लबच्या या सभासदाला दिलं होतं.

चष्मेवाल्याने तलाव भरला, चिमणी भरली. आणि मग त्याला सासरे आठवले.

सासरे निवृत्त बसड्रायव्हर. आवाज असा, की मागच्या सीटवरचा झोपलेला प्रवासीसुद्धा दचकून उठावा. जावयाच्या विमानावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आधी स्कूटर सरळ चालवा, जावईबापू!" असं ते चारचौघांत म्हणत, आणि चष्मेवाल्याच्या ते जिव्हारी लागे. शेवटी त्याने शब्द दिला होता, "रविवारी तुमच्या छतावरून विमान नेतो आणि पंख हलवतो. तुम्ही फक्त लाल चादर दाखवा!"

मग सासऱ्यांचं छत यादीत नको का? आणि तेही चिमणीच्या खाली? छे! शोभतं का ते? त्याने छत थेट एक नंबरवर टाकलं. कॉम्प्युटरने काहीतरी विचारलं. चष्मेवाल्याने न वाचताच 'हो' म्हटलं. कार्ड पाचही विमानांत फिरलं. झालं काम!

रविवारी हवा धुरकट होती. चार विमानं आधीच उडाली होती. चष्मेवाल्याच्या वाट्याला आलं पाचवं, आणि त्याच्या चाकातली हवा गेलेली! तो पंप मारून घामाघूम झाला, पण चाक काही फुगेना. तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, आहात कुठे? बाबा केव्हाचे छतावर उभेत चादर घेऊन! शेजारीपण बोलावलेत!"

"निघालोच!" म्हणत तो पाणी प्यायला ऑफिसात शिरला. तिथे रेडिओ खरखरला.

"मॅडम, दोन नंबरचं विमान बोलतंय. मी पोचलोय, पण धावपट्टी कुठे गेली?"

"धावपट्टी कुठे जाणार? नीट बघा!"

"नीटच बघतोय! खाली नुसती घरं आहेत!"

"मलाही घरंच दिसतायत," दुसरा आवाज. "आणि कुणीतरी लाल चादर हलवतंय. उतरू नका म्हणतायत वाटतं!"

"कोण म्हणतंय?" मॅडम ओरडल्या.

"एक आजोबा. आता टाळ्या वाजवतायत!"

"मॅडम, मीपण इथेच आलोय," तिसरा. "चौथं विमान समोरून येतंय. आम्ही सगळे एका छताभोवती का फिरतोय?"

चष्मेवाल्याच्या घशात पाणी अडकलं. लाल चादर!

"एकमेकांपासून लांब राहा! तलाव शोधा आणि तिथून नजरेने या!" मॅडमनी एकेकाला वाट सांगत चारही विमानं खाली आणली. मग सगळ्यांना समोर उभं केलं.

"एक नंबरला हात कुणी लावला?"

"यंत्राचा काय भरवसा, मॅडम!" चष्मेवाला चाचरला. "वर उपग्रहातच काहीतरी बिघडलं असेल..."

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कट करायला गेला आणि नेमका उचलला! स्पीकरची गरजच नव्हती.

"जावईबापू! मानलं तुम्हाला! एक कबूल केलंत आणि चार विमानं पाठवलीत! स्कूटरवरून जे जे बोललो, ते सगळं मागे घेतो बरं का!"

जे ऐकायला चष्मेवाला इतकी वर्षं तरसला होता, ते आज ऐकायला नको होतं! मॅडमनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"मी क्लबची मुख्य प्रशिक्षक बोलतेय."

"बाई, फार उपकार झाले! एकच सांगा, त्या चारांत आमचे जावई कुठले?"

मॅडमनी चष्मेवाल्याकडे असं पाहिलं, की त्याने चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुमचे जावई जमिनीवरच होते. आणि आता बरेच दिवस तिथेच राहणार आहेत."

पलीकडून तोच आवाज, पहिल्यासारखाच खणखणीत.

"असं होय! मग त्यांना म्हणावं, जेवण थांबवलंय. स्कूटरनेच या. पण सरळ चालवा!"