झोपलेल्यांचा भूगोल

"मास्तर, हात बरा चालतो तुमचा, पण तोंडाला काय कुलूप लावलंय?" वस्ताद चष्मा पुसत म्हणाले. "आपल्या धंद्यात अर्धं काम कात्रीचं आणि अर्धं तोंडाचं. गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलत जा."

मास्तरांनी निमूटपणे मान डोलावली. एकोणपन्नासाव्या वर्षी नवा धंदा धरायचा म्हणजे कोणाचंही ऐकून घ्यावं लागतं. चोवीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि चोवीस वर्षं पोरं झोपली. एखाददुसरं नव्हे, वर्गच्या वर्ग. एका दुपारी ते फळ्यावर नकाशा काढून वळले, तर बेचाळीसच्या बेचाळीस डोकी बाकांवर टेकलेली. आपण जन्मभर भिंतीशी बोललो, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्याच संध्याकाळी त्यांनी राजीनामा लिहिला. केस कापले तर निदान कापलेले दिसतात तरी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"खूळ लागलंय," बायको म्हणाली. हेडबाई जरा सबुरीच्या. "राजीनामा खणात ठेवते," त्या म्हणाल्या, "महिन्याभरात डोकं ठिकाणावर आलं तर कळवा." तो महिना उद्या संपत होता.

"मी डोळे तपासून येतो," वस्ताद पायात चपला सरकवत म्हणाले. "आज दुकान तुमच्यावर. संध्याकाळपर्यंत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही, तर ही दुसरी खुर्ची कायमची तुमची."

दुपारी पहिला आला पोस्टमन. गावात माध्यमिक शाळा एकच, त्यामुळे मास्तरांच्या हाती येणारं प्रत्येक डोकं पूर्वी त्यांच्या हाताखालून गेलेलंच असायचं. "सर, तुम्ही इथं?" म्हणत तो खुर्चीत बसला. मास्तरांनी पांढरं कापड त्याच्या गळ्याशी नीट बांधलं आणि वस्तादांचा उपदेश आठवला. आता बोलायचं काय? क्रिकेट कळत नाही, राजकारणात गोडी नाही.

"आज वारा अगदी पडलाय," मास्तर म्हणाले.

"हो ना, सर."

इथं थांबायला हवं होतं. पण वारा का पडतो हे ठाऊक असलेला माणूस असा मधेच थांबतो होय? मास्तरांनी जमीन तापवली, हवा वर नेली, आणि खारे वारे समुद्राकडून निघेपर्यंत पोस्टमनची हनुवटी छातीवर आली. त्यांनी हातातला आरसा त्याच्या नाकाखाली धरला. आरशावर वाफ धरली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात शेजारचा केमिस्ट घाईघाईनं आत शिरला. "सर, दाढी उरकून टाका पटकन. दुकान उघडं टाकून आलोय." मग त्याची नजर बाजूला गेली. "याला काय झालं?"

"झोपलाय. त्याचं असं आहे, दुपारी जमीन तापते, हवा हलकी होते..."

तिसऱ्या वाक्याला, गळ्याशी कापड बांधून होतंय तोच, केमिस्ट दुसऱ्या खुर्चीत झोपी गेला. त्याच्या मागोमाग आलेला टेम्पोवाला बाकड्यावर टेकला आणि दोघांना काय झालं ते विचारून बसला. मास्तरांनी घाबऱ्या घाबऱ्या सगळं सांगितलं. सांगणं संपलं तेव्हा टेम्पोवाल्याचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं आणि तोंड उघडं होतं.

दुकानात समोर आरसा, पाठीमागे आरसा. मास्तरांनी वर पाहिलं, तर पांढऱ्या कापडांत गुंडाळलेली, माना टाकलेली माणसं पार आतपर्यंत ओळीनं बसलेली. त्या सगळ्यांत उभा एकटाच, हातात वस्तरा घेतलेला. बाहेरून कोणी डोकावलं असतं तर थेट पोलीसच बोलावले असते.

त्यांनी पोस्टमनला गदागदा हलवलं. तोंडावर पाण्याचा फवारा मारला. पोस्टमननं ओठांवरचं पाणी चाटलं आणि कूस बदलायचा प्रयत्न केला. शेवटी मास्तरांनी घरी फोन लावला.

"अगं, माणसं उठवायची कशी? मी नुसतं वाऱ्याचं सांगत होतो. म्हणजे बघ, जमीन तापली की..."

पलीकडून हळूच, लयीत, घोरणं ऐकू आलं.

तेव्हा मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. दोष दुपारचा नव्हता, भूगोलाचाही नव्हता, त्यांच्या आवाजाचा होता. ते तोंड मिटून गप्प उभे राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाहेरचा रस्ताही चिडीचूप झाला. पंखा तेवढा कुरकुरत होता. ती शांतता मास्तरांना सोसेना, आणि अशी शांतता पसरली की चोवीस वर्षं ते जे करत आले तेच तोंडून निघून गेलं.

"कळलं का सगळ्यांना? रात्री वारा कुठून कुठे वाहतो?"

"जमिनीकडून समुद्राकडे, सर," तिघं एका सुरात म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. आरशात आतपर्यंत सगळ्यांचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. मास्तर दारापर्यंत मागे सरकले. पळून जावं असं फार वाटलं, पण मास्तरकी जात नाही हो अशी. त्यांनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. नववीला तीनदा बसलेला गडी. आज ज्याचं नावही काढलं नव्हतं असं काहीतरी त्यांनी मुद्दाम विचारलं.

"उधाणाची भरती कधी येते?"

"अमावास्येला आणि पौर्णिमेला, सर. चंद्र, सूर्य, पृथ्वी एका रेषेत येतात."

"मग पेपर कोरा का दिलास, गाढवा?"

"तेव्हा जागा होतो, सर."

मास्तर मटकन बाकड्यावर बसले. त्यांचं एक अक्षरही वाया गेलं नव्हतं. सगळं तिथंच होतं, या मिटल्या डोळ्यांच्या आत, जसंच्या तसं. अंगावर काटा आला होता तो भीतीनं की आनंदानं, हे त्यांना ठरवता येईना. डोळे मात्र भरून आले. मग ते उठले, तिघांची डोकी अन् दाढ्या सावकाश उरकल्या आणि एकेकाला प्रश्न विचारत राहिले. एकही उत्तर चुकलं नाही.

आता यांना उठवायचं कसं? वर्गात पोरांना शाळेची घंटा उठवायची, हे त्यांना आठवलं. त्यांनी पाण्याच्या वाटीवर कात्री टणटण वाजवली. तिघंही ताडकन उभे राहिले आणि पोस्टमन दप्तर शोधावं तशी खुर्चीखाली पिशवी शोधू लागला.

"सर, असली झोप शाळा सुटल्यापासून लागली नव्हती," टेम्पोवाला डोळे चोळत म्हणाला.

"उधाणाची भरती कधी येते रे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"काय चेष्टा करता, सर. ते सगळं डोक्यावरून गेलं होतं."

संध्याकाळी वस्ताद परतले तेव्हा केमिस्ट दारातच मास्तरांचं कौतुक करत होता. वस्ताद खूश झाले. "खुर्ची तुमचीच, मास्तर. या, माझीही दाढी करा. आणि तुम्ही काय बोलता ते ऐकू तरी द्या."

मास्तरांनी फेस लावला, भरती आणली, आणि ओहोटी लागायच्या आत वस्ताद गाढ झोपले. वस्तरा गळ्याशी आला तेव्हा मास्तरांना राहवलं नाही.

"वस्ताद, दुसरी खुर्ची नक्की माझी ना?"

"छे हो," वस्ताद झोपेत म्हणाले. "ती भाच्याला कधीच कबूल केलीय. मास्तर तेवढाच महिनाभर फुकट राबला."

वस्तरा थांबला. आरशांत पार आतपर्यंत असंख्य मास्तर असंख्य गळ्यांशी वस्तरे धरून थांबले.

"पण मास्तर बोलतो छान," वस्ताद पुटपुटले. "पाणी वर चढलं, मग पुढे काय झालं?"

मास्तरांनी मोठा श्वास घेतला आणि पुढे काय झालं ते अगदी शेवटपर्यंत सांगितलं. दाढी गुळगुळीत झाली, कुठे ओरखडा नाही. वस्तरा धुऊन, पुसून त्यांनी जागेवर ठेवला. वाटी वाजवली नाही. वस्तादांना तसंच झोपू दिलं, पायरीवर येऊन हेडबाईंना फोन लावला आणि त्या जाग्या राहाव्यात म्हणून मोजून तीनच शब्द बोलले.

"उद्या येतो, बाई."